साहेबांचं मनोगत

कॉलरला लावायचा छोटा माइक तिच्या हातात होता आणि साहेब हनुवटी वर करून खुर्चीत बसले होते.

तिने माइक त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात पुढे केला नाही.

"तूच लाव ना," ते म्हणाले. "की आता त्यालाही परवानगी लागते?"

कॅमेरेवाला हसला. त्याला काही माहीत नव्हतं. तो बाहेरून त्या दिवसापुरता आलेला. तिने माइक त्याच्या हातात दिला आणि जाऊन कॅमेऱ्याच्या मागे उभी राहिली.

साहेबांचे हात कुठे कुठे जातात, याची तक्रार तिनेच केली होती. समिती बसली. साहेबांनी सांगितलं, की मी तिला मुलीसारखी मानतो. शेवटी प्रकरण मिटलं ते असं: दोष कुणालाच द्यायचा नाही, वागणुकीचं ऑनलाइन प्रशिक्षण मात्र सगळ्यांनी घ्यायचं. आणि तिने याबद्दल कुठेही चकार शब्द काढायचा नाही, काढला तर नोकरी गेली. प्रशिक्षणाचे कोर्स बनवणं हेच तिचं काम, त्यामुळे हाही तिच्याच गळ्यात पडला. समितीच्या अध्यक्षबाई वर म्हणाल्या, की हातून काही चांगलं घडलं की तिच्या मनातलं किल्मिषही निघून जाईल. कोर्सच्या सुरुवातीला साहेबांचं मनोगत असावं, ही कल्पनाही बाईंचीच.

मजकूर तिनेच लिहिला होता. साहेबांनी तो एकदा नजरेखालून घातला, कागद बाजूला ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघून सलग बोलले. कुठे अडखळले नाहीत. "माझ्या विभागातल्या प्रत्येक स्त्रीला निर्धास्तपणे काम करता आलं पाहिजे, ही माझी स्वतःची जबाबदारी आहे," या वाक्यानंतर ते क्षणभर थांबले, खाली पाहिलं. ते थांबणं तिने लिहिलं नव्हतं.

सामान आवरताना कॅमेरेवाला तिला म्हणाला, की मॅडम, इतकी मोठी माणसं येऊन जातात, पण एवढ्या पोटतिडकीने कुणी बोलत नाही.

साहेब जाता जाता तिच्याजवळ थांबले. दोन्ही हात त्यांनी मुद्दाम पाठीमागे बांधले होते.

"छान लिहितेस," ते म्हणाले.

दुपारी तिने व्हिडिओ कोर्समध्ये चढवला. साहेबांचं मनोगत पूर्ण ऐकल्याशिवाय कुणाला पुढे सरकता येऊ नये, असं अध्यक्षबाईंनी बजावलं होतं. तशी सोय होतीच. एका ठिकाणी खूण केली, की व्हिडिओ संपेपर्यंत 'पुढे'चं बटण दाबलंच जात नाही. तिने खूण केली.

नवा कोर्स सगळ्यांसाठी खुला करण्याआधी तो आधी कधी न पाहिलेल्या कुणाकडून तरी करून घ्यायची तिची पद्धत होती. बदली होऊन आलेली एक बाई त्या दिवशी मोकळीच बसली होती, तिला अजून टेबलही मिळालं नव्हतं. तिने त्या बाईला आपल्या खोलीत बोलावलं. बाईने हेडफोन लावला, मध्येच एकदा माउस दाबून पाहिला, आणि काही होत नाही म्हटल्यावर हात मांडीवर ठेवून मुकाट ऐकत राहिली.

ऐकून झाल्यावर बाईने एक कान मोकळा केला. "किती बरं वाटलं हो ऐकून," ती म्हणाली. मग आपणहून सांगू लागली. आधीच्या ठिकाणी फार सोसलं होतं. हट्टाने बदली मागून घेतली ती त्यापायीच. सासूबाईंचं म्हणणं होतं, नोकरीच सोड, कशाला जिवाला घोर. आता घरी जाऊन त्यांना सांगता येईल.

"सोमवारपासून मला यांच्याच हाताखाली दिलंय," बाई म्हणाली. "त्यांनी स्वतः मागून घेतलं म्हणे."

पडद्यावर साहेबांचा चेहरा शेवटच्या शब्दावर थांबलेला होता. खाली बटण उजळलं होतं.

"जाऊ पुढे?" बाईने विचारलं.

ती उठली, खोलीचं दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढून बाईच्या शेजारी बसली.

"हेडफोन काढा," ती म्हणाली.