कोरा खळगा

निळा! रक्ततपासणीच्या प्लेटमधल्या शेवटच्या ओळीतला शेवटचा खळगा, जो काही झालं तरी निळा व्हायला नको होता, नेमका तोच तिच्या डोळ्यांदेखत निळा होत गेला.

म्हणजे बघा, काम होतं सिफिलिस या गुप्तरोगावरच्या लशीचं. लस टोचलेल्यांचं रक्त लावलं की खळगा निळा व्हायचा, आणि सगळ्यांना हवं असायचं तेच. पण सोबत एक निरोगी रक्तही लावायचं, ज्याला ना लस, ना रोग. तो खळगा कोराच राहायला हवा. आणि हे निरोगी रक्त संपलं की लॅबमध्ये जो हाताशी सापडेल त्यानं मुकाट्यानं बाही वर करायची, अशी तिथली पद्धत. आज सापडली ती स्वतःच.

"काका, तुम्ही नळ्यांची अदलाबदल केलीत," ती म्हणाली.

तीस वर्षं त्याच टेबलावर काढलेले लॅबचे काका तडकलेच. "मी? अहो, बायकोचा वाढदिवस दरवर्षी विसरतो, पण नळीवरचं लेबल? शक्यच नाही!"

ती हसली. जरा जास्तच मोठ्यानं. मग दुसरी बाही वर केली, नवी नळी, नवी प्लेट, लेबल स्वतःच्या हातानं. तीन तास ती त्या स्टुलावरून उठली नाही.

पुन्हा निळा.

काकांनी एकदा प्लेटकडे बघितलं, एकदा तिच्या सहा महिन्यांच्या पोटाकडे, आणि आवाज एकदम खाली आणला. "ताई, पोटुशी बाईचं कधीकधी खोटंही येतं. तुम्हीच तर मला शिकवलंत."

"येतं ना. येतंच."

तिसऱ्या महिन्यात तिची हीच तपासणी अगदी साफ आली होती. आणि त्यानंतर ती कुठे गेली होती? घर ते लॅब, लॅब ते घर! म्हणजे हे खोटंच. खोटंच असायला हवं. खरं असेल तर इंजेक्शन आजच्या आज, हे तिला पाठ होतं. पण वेळेत इंजेक्शन न मिळालेल्या आयांच्या अकरा बाळांची माहितीही तिनंच स्वतः भरली होती. त्यातली चार जन्मल्यावर रडलीच नव्हती.

तिनं हातमोजे काढले आणि नवऱ्याला फोन लावला.

"बोला बाईसाहेब! पिल्लू काय म्हणतंय? लाथा चालू आहेत ना?"

"अरे, एक गंमतच झाली." ती बोलत सुटली. "आज निरोगी म्हणून माझंच रक्त लावलं आणि ते निळं आलं. दोनदा! सिफिलिसचं रे. पण या दिवसांत असं खोटं येतं कधीकधी, काकापण म्हणाले. तर तू ना, नुसतं हस एकदा. वेडी आहेस म्हण."

एरवी तिच्या लॅबच्या गोष्टींवर तो खो खो हसायचा. आता पलीकडे फक्त त्याच्या ऑफिसातला प्रिंटर खडखडत होता. मग पावलं वाजली. एक दार लागलं. प्रिंटर ऐकू येईनासा झाला.

"अरे, आहेस ना?"

"तू पेशंटना सांगतेस ना," तो अगदी हळू म्हणाला, "की ज्यांच्या-ज्यांच्याशी संबंध आला, त्या सगळ्यांना कळवा म्हणून..."

"हो. मग?"

"मागचे किती महिने धरायचे असतात?"