मागची खोली

सकाळी साडेसातला सुतार नेहमीप्रमाणे टेप खिशात टाकून निघाला. आज मात्र बायकोही बरोबर होती; मापे स्वतःच्या होणाऱ्या घराची घ्यायची होती. दोन वर्षांच्या वणवणीनंतर ऐपतीतले हे एकच जुने घर सापडले होते. मागची खोली मुलीच्या अभ्यासासाठी ठरली होती. तिथे मालकाची म्हातारी आत्या खाटेवर बसली होती. टेप सरकावी म्हणून तिने पाय उचलले. “तुम्ही कुठे जाणार, आत्या?” सुताराने विचारले. “भाच्याला ठाऊक. मला कोण विचारतं?” दारातून मालक भाचा म्हणाला, “तुम्हाला घर रिकामं मिळाल्याशी कारण.” सुताराने बायकोला बाजूला घेऊन आत्यांना इथेच राहू देऊ म्हटले. “आपण घर घेतोय की सासू?” ती पुटपुटली. “आणि पोरीने अभ्यास कुठे करायचा?” तो पुढच्या खोलीची भिंत मापू लागला. वकिलाकडे त्याने करारातली ‘रिकामा ताबा’ ही ओळ खोडून ‘मागच्या खोलीत आत्या राहतील’ लिहिले. खाडाखोडीपाशी बायकोनेही सही केली.