शिंपल्यांचा चुरा

"आफ्रिकन सिक्लिडना जड, चुन्याचं पाणी लागतं, साहेब," माशांचा दुकानदार सोवनींना म्हणाला. "टाकीत निळी खडी नको. तळाला शिंपल्यांचा चुरा घाला, नाहीतर मासे गेलेच समजा."

शिंपले म्हटल्यावर सोवनींना मालवणच्या सासूबाई आठवल्या. उन्हाळ्यात त्यांनी लेकीसाठी आणलेला तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांतल्या मांसाच्या, सुक्याचा डबा सोवनींनी दारातूनच परत फिरवला होता. "आमच्या घरात मेलेलं काही येत नाही," शेजाऱ्यांदेखत सुनावलंही होतं. आता बायकोकरवी त्यांनाच फोन करवला.

आठवड्याभरात सासूबाई स्वतःच आल्या. पिशवीत उकळून, घासून, उन्हात वाळवून कुटलेले शिंपले होते. सोवनी "या, या" म्हणाले, पण त्या पायपुसण्यावरच थांबल्या.

"नुसतो चुरो आसा, जावयबापू. मांसाचो कण नाय," पिशवी उघडत त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा असता तर सोवनींना बरं वाटलं असतं. "वास घेवन बघा. मगे येव मां आत?"