सरांच्या वक्रावरचा सातवा

वजाबाकी शून्य आली.

तोंडी परीक्षेत सगळ्यांसमोर पोरीने आकडे पुन्हा टाकले. पुन्हा शून्य. पडद्यावरचं ते एवढंसं शून्य विभागप्रमुखांसकट सगळ्या खोलीने पाहिलं. तिचा प्रबंध ठणकावून सांगत होता की या वक्रावर परिमेय बिंदू, म्हणजे ज्यांचे दोन्ही आकडे साध्या अपूर्णांकात लिहिता येतात असे, सहाच आहेत. आणि तिच्या मार्गदर्शक सरांनीच बोलावलेल्या परीक्षक बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलेला हा सातवा, अंशात नऊ आकडे, छेदात आठ, समीकरणात चपखल बसला होता.

मागच्या बाकावरून आईने विचारलं, "शून्य आलं म्हणजे चांगलंच ना गं?"

कुणी हसलं नाही. आईला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सोमवारी पदवीचा कागद दाखवला नाही तर पोरीची नोकरी दुसऱ्याला जाणार, एवढं मात्र पक्कं कळत होतं.

चूक कुठे आहे ते पोरीला आता लख्ख दिसलं. वक्रावरच्या बिंदूंची आपसात बेरीज होत नाही. म्हणून त्यांच्यासाठी जेकोबियन नावाचं मोठं घर बांधतात, तिथे बेरीज चालते. त्या घरात स्वतंत्र दिशा किती, यावर सगळा खेळ. एकच असेल तर वक्रावरचे बिंदू मोजून संपवता येतात. दोन निघाल्या की ही रीत कुचकामी. गणित म्हणत होतं, जास्तीत जास्त दोन. सरांच्या जुन्या प्रोग्रामला शोधून एक सापडली आणि त्याने बेधडक लिहून टाकलं, एकच आहे. दुसरी सापडली नाही म्हणजे नाहीच! असली चूक शाळेतलं पोर करत नाही, त्याला विद्वानच लागतात. पण सरांचा प्रोग्राम उघडून बघायचा नाही आणि प्रबंधाचं पहिलं प्रकरण सरांच्या वक्राला वाहायचं, ही त्या विभागाची रीत. अकरा जण याच रीतीने डॉक्टर झाले होते.

सर खाकरले. "तपासायची जबाबदारी विद्यार्थ्याची असते, हे मी सतरा वेळा सांगितलंय. प्रबंध परत घे. दोन वर्षांनी ये."

"सर, पण प्रोग्राम तर तुमचाच होता ना?"

"हो का? म्हणजे आता मीच चोर!"

आई उठून उभी राहिली.

पोरगी परीक्षक बाईंकडे वळली. "मॅडम, एवढ्या मोठ्या आकड्यांचा बिंदू तुम्ही शोधलात तरी कसा?"

"मी कुठे शोधलाय, बाळ." बाईंनी निकालाचा कागद स्वतःकडे ओढला. "याच खोलीत, याच सरांकडे, बिंदू सहाच आहेत असं लिहून मी डॉक्टर झाले. माझ्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनीच हा बिंदू दाखवला आणि म्हणाले, गिळून टाक, पदवी मिळेल. अठरा वर्षं गिळून बसले."

मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि विभागप्रमुखांना म्हणाल्या, "आधी माझी पदवी रद्द करा. हिचं मग बघू."