मधला रकाना

"तीन किलो तीनशे," काट्यावरचा आकडा वाचून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजी होत्या तेव्हा ही चार किलो शंभर होती."

आजी जाऊन सहा आठवडे झाले होते. त्यांची लेक दुसऱ्या गावाहून आली होती आणि घर आवरायला म्हणून आईच्याच घरात राहिली होती. सोबतीला पंधरा वर्षांची मांजर. आईने तिचं नाव ठमाबाई ठेवलं होतं आणि ठमाबाईनेही ते मनावर घेऊन सगळ्या घरावर हुकूमत गाजवली होती.

आता ती हुकूमत उरली नव्हती. ठमाबाई वखवखल्यासारखी खायची, बशी चाटून पुसून पुन्हा मागायची, तरी बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झाली होती. एका जागी बसणं नाही. खोल्यांमधून येरझारा, आणि मग आईच्या पलंगापाशी उभं राहून लांबलचक ओरडणं. लेक दारात उभी राहून ऐकायची. स्वतः ती अजून मोकळेपणी रडली नव्हती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने शांतपणे सांगितलं होतं, आईला कसलंही दुखणं नव्हतं, हिंडती-फिरती होती, झोपेतच गेली. पांघरुणाखाली आई एवढीशी दिसली तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, गेल्यावर माणूस लहानच दिसतं. तिला ते पटलं होतं.

"आईसाठी झुरतेय ती," लेक म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिचं बोट धरून मांजरीच्या घशाखाली टेकवलं. कातडीखाली वाटाण्याएवढं काहीतरी सरकलं. थायरॉईडची ग्रंथी, त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्या मांजरांमध्ये पुष्कळदा वाढते आणि नको इतकं काम करू लागते. मग सगळं शरीर धावत सुटतं. भूक वाढते, अंग झडतं, काळीज धडधडतं, मांजर ओरडत फिरतं. आजींनी हे वेळेवर ओळखलं होतं. आठ महिने सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी चालू होती. ती कुणी थांबवली?

लेकीला फडताळातली बाटली आठवली. ताकदीच्या कसल्यातरी गोळ्या असतील असं समजून तिने ती पहिल्याच आठवड्यात टाकून दिली होती. आईने फोनवर सांगितलंही असेल. पण दर रविवारी ठमाबाईपुराण सुरू झालं, की ती फोन ओट्यावर ठेवून भांडी घासायला घ्यायची. 'तू कशी आहेस?' हे मात्र न चुकता विचारायची. "मला काय धाड भरलीय?" आई म्हणायची आणि पुन्हा मांजरीवर घसरायची.

"म्हणजे ती आईला हाका मारत नाहीये?"

"तेही असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते रक्तात दिसत नाही."

रक्त काढून झालं. गोळी पुन्हा सुरू करायची, तीन आठवड्यांनी परत तपासायचं, तेव्हा मूत्रपिंडंही बघायची. आजार जाणार नाही, पण ताब्यात राहील. गोळी मात्र जन्मभर. मग त्यांनी विचारलं, फोनवर आणायला सांगितलेली आजींची वही आणलीय का?

लेकीने पिशवीतून वही काढली. आईच्या उशाशी ती सापडली होती. त्या दिवशी लेकीने ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटून पाहिली होती. कुठे एखादी ओळ, एखादं वाक्य, निदान आपलं नाव. काही नव्हतं. दर रविवारची तारीख आणि पुढे तीन आकडे. तिने वही मिटून ठेवली होती.

"हे मीच शिकवलं होतं त्यांना," डॉक्टरीणबाई पान उघडत म्हणाल्या. "घरच्या काट्यावर मांजर कुठली स्थिर बसायला. आधी तिला उचलून घेऊन उभं राहायचं, मग तिला खाली सोडून एकट्यानं. वजा केलं की मांजरीचं वजन. एकही रविवार चुकला नाही त्यांचा, बघा."

त्यांचं पेन शेवटच्या रकान्यावरून खाली सरकू लागलं. तीन शंभर. तीन तीनशे. तीन सातशे. चार शंभर. या आकड्यांखाली आईने प्रत्येक वेळी रेघ ओढली होती, आणि जिथे वजन वाढलं होतं तिथे रेघ दुहेरी होती.

"इतकं जपणारं माणूस मिळायलाही नशीब लागतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही नेणार ना हिला? घरी काटा आहे?"

लेकीने मान डोलावली. तिचा एक हात ठमाबाईच्या पाठीवर होता. नजर मात्र पेनाच्या डावीकडे, मधल्या रकान्यावर गेली होती. तिथे एकाही आकड्याखाली रेघ नव्हती.

एक्कावन्न. एकोणपन्नास. सेहेचाळीस. त्रेचाळीस. एक्केचाळीस. अडतीस.

दर रविवारी ती जे विचारायची त्याचं उत्तर आई, फोन वाजायच्या आधीच, लिहून ठेवत होती.