दादांचा लाइनमन

"दादांनी आम्हाला गोल दिलाच होता हो," असं म्हणून गॅरेजवाला माइकवरच रडायला लागला. रडता रडता त्याने पहिल्या रांगेतल्या लाइनमनकडे असं काही पाहिलं, जणू दादा गेले तेही याच्याच झेंड्यामुळे.

रेफरी मंडळाच्या हॉलमध्ये दादांची शोकसभा भरली होती आणि मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी रेफरी गेला तर लोक फक्त खात्री करून घ्यायला येतात. पण दादांची गोष्टच न्यारी. सव्वीस वर्षं त्यांनी फुटबॉलचे सामने खेळवले आणि एकाही माणसाशी वाकडं येऊ दिलं नाही.

ते कसं साधलं, हे एकट्या लाइनमनला ठाऊक होतं. मैदानाच्या कडेने झेंडा घेऊन धावायचं, ऑफसाइड दिसला की तो वर करायचा, एवढंच त्याचं काम. शिट्टी वाजवायची की नाही, ते रेफरीने ठरवायचं. दादा शिट्टी वाजवायचे, कप्तान अंगावर धावून आला की त्याच्या खांद्यावर हात टाकायचे आणि हळूच म्हणायचे, "माझ्या मनात द्यायचा होता रे, पण लाइनमन नको म्हणतो." कित्येकदा तर लाइनमनचा झेंडा खालीच असायचा. अहो, पेनल्टी नाकारली तरी खापर याच्याच डोक्यावर!

त्यामुळे सामना संपला की दादांना चहा आणि याला शिव्या. एकदा न्हाव्याने अर्धी दाढी करून वस्तरा थांबवला आणि उपान्त्य सामन्याचा जाब विचारला. सख्खा मेहुणा नऊ वर्षं बोलत नव्हता. बाजारात बायको चार पावलं लांबून चालायची. लाइनमन तोंड उघडायचा नाही, कारण दादा दर वेळी घरी येऊन गळ्यात पडायचे, तू आहेस म्हणून माझं निभावतं म्हणायचे. अशा माणसाला बोलणार तरी काय, कप्पाळ! पण आता दादा नव्हते. लाइनमनच्या खिशात चार पानं होती, तारीखवार लिहिलेली. सगळ्यांदेखत एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा आणि ताठ मानेने घरी जायचं, एवढंच त्याला हवं होतं.

माइकवर एकामागून एक माणसं येत होती. एकाच अंतिम सामन्यातले दोन्ही कप्तान शेजारी शेजारी बसून हमसून हमसून रडत होते. दादा मनातून आपल्याच बाजूचे होते, याची दोघांनाही पक्की खात्री होती.

लाइनमनच्या शेजारी वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडून तिशी उलटलेला थोरला मुलगा वाकला.

"काका, एक विचारू? मला बाहेरगावी शिकायला पाठवायला तुम्ही का नको म्हणालात? बाबा तर तयार होते."

हे लाइनमनच्या गावीही नव्हतं. म्हणजे मैदान सोडाच, या पोराच्या शिक्षणातही आपणच आडवे आलो होतो तर! संतापाने त्याचे कान तापले. पोराचे डोळे मात्र भरून आले होते. बाप आपल्या बाजूचा होता, एवढ्या एका आधारावर तो आज सावरून बसला होता. वहिनी मान खाली घालून रुमाल चुरगाळत होत्या.

तेवढ्यात अध्यक्षांनी लाइनमनला बोलावलं. तो माइकसमोर उभा राहिला तशी मागून कुणीतरी "ऑफसाइड" म्हणालं आणि हॉल खुसखुसला. त्याने चार पानं उलगडली. पहिली तारीख वाचली. मग त्या पोराकडे पाहिलं आणि पानं घडी करून परत खिशात ठेवली.

"दादांचं कधी काही चुकलं नाही," तो म्हणाला. "नको म्हणणारा मीच होतो. मैदानावर, आणि त्यांच्या घरातही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. गॅरेजवाल्याने येऊन मिठी मारली. मेहुण्याने नऊ वर्षांनी तोंड उघडून पाणी हवंय का विचारलं, तेव्हा लाइनमनला भडभडून आलं. उरलीसुरली अब्रू आपल्याच हाताने घालवून आलेल्या माणसाला एवढं हलकं का वाटावं, त्याचं त्यालाच कळेना. निदान त्या माउलीचा नवऱ्यावरचा विश्वास तरी आपण वाचवला, असं त्याने स्वतःला समजावलं.

वहिनींनी त्याला जिन्यापाशी गाठलं. थोरला चपला शोधत होता. तेवढ्या वेळात त्या इकडेतिकडे बघून भराभर बोलल्या.

"बरं केलंत भाऊजी, खरं बोलला नाहीत ते. थोरला राहतं घर विकायचं म्हणतोय. मी त्याला सांगून टाकलंय, माझी काही हरकत नाही रे, पण भाऊजी नको म्हणतात."