सरस वाळंस्तवर

पलटणीतून पेन्शनीवर आलेल्या नाथाजीनं सुताराकडून बिनपॉलिशची खुर्ची सुटी आणली आणि मलकापुरात घरीच सरसानं जोडली. "सरस वाळंस्तवर वर वजन पायजे," म्हणत त्यानं बायकोला, शालूबाईलाच, खुर्चीत बसवलं. "आगं, दिस मावळंस्तवर हालायचं न्हाई!"

मग काय! पाणी सासूनं भरलं, भाकरी सासूनं थापल्या, चहाची कपबशीसुद्धा सासूनंच हातात आणून दिली. लग्नाला वीस वर्षं झाली, पण सासूसमोर शालूबाई खुर्चीत बसली ती आजच. तिला वाटलं, आपण माहेरालाच आलोय.

दुसऱ्या दिवशी खुर्ची दगडासारखी घट्ट झाली. नाथाजी बाजारात जाऊन पॉलिश घेऊन आला.

"आवं, थांबा! मागला पाय परत सुटलाय," शालूबाई म्हणाली आणि हातातला बत्ता तिनं हळूच पदराआड लपवला.